केशरी-काळी ड्युझेनबर्ग नेमकी कुणाची? जुन्या गाडीचा मूळ मालक शोधताना सापडतात इंदूरचे यशवंतराव होळकर

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात गेलात, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं. ही गाडी अमुक महाराजांची होती.

गाडी चकचकीत असते, शेजारी फेटा बांधलेला माणूस उभा असतो, लोक सेल्फी काढतात आणि पुढे जातात. पण ती खरंच त्या महाराजांची होती का, हे कुणी विचारत नाही.

जे लोक या गाड्या विकत घेतात, ते मात्र पहिला प्रश्न हाच विचारतात. कारण साधं आहे. त्याच वर्षाची, त्याच कंपनीची, त्याच इंजिनाची गाडी असली, तरी पहिला मालक कोण यावरून किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणूनच ‘महाराजांची गाडी’ हे बिरूद कुठल्याही गाडीला सहज चिकटवलं जातं, आणि ते खरं की खोटं हे शोधणं हे एक वेगळंच शास्त्र झालंय.

अशीच एक गाडी आहे. अमेरिकन बनावटीची, लंडनमध्ये घडवलेली, केशरी आणि काळ्या रंगाची. लांबलचक बॉनेट आणि एवढ्या मोठ्या गाडीत बसायला मोजकी जागा. ड्युझेनबर्ग एसजे हे तिचं नाव.

तिचा माग काढत गेलं की आपण पोहोचतो इंदूरला. मल्हारराव आणि अहिल्यादेवींच्या गादीवर बसलेल्या एका तरुण राजाकडे.

आधी नावाचा घोळ

यशवंतराव होळकर म्हटलं की मराठी माणसाला आठवतात ते इंग्रजांशी झुंजणारे, १८११ साली वारलेले यशवंतराव. त्यांच्या काळात मोटार नव्हती. ही गोष्ट आहे दुसऱ्या यशवंतरावांची. जन्म ६ सप्टेंबर १९०८, मृत्यू ५ डिसेंबर १९६१.

पण घोळ इथेच संपत नाही.

जुन्या गाड्यांच्या कागदपत्रांवर बऱ्याचदा राजाचं नाव नसतं. लंडन-पॅरिसचे विक्रेते फक्त एवढंच लिहीत, महाराजा ऑफ इंदूर. आणि १९२६ नंतरच्या काळात हा शब्द दोन जिवंत माणसांना लावला जात होता. एक गादीवर बसलेले यशवंतराव आणि दुसरे गादी सोडलेले त्यांचे वडील, तिसरे तुकोजीराव. विशेष म्हणजे वडील मुलाच्याही पुढे जगले. तुकोजीराव वारले ते १९७८ साली.

म्हणजे १९२८ सालची एखादी ‘इंदूरच्या महाराजांची’ गाडी समोर आली, तर ती बापाची की लेकाची, हा पहिला प्रश्न. आणि त्याचं उत्तर द्यायचं, तर वडिलांनी गादी का सोडली हे माहीत असावं लागतं.

मलबार हिलवरचा खून

१२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या मोटारीवर हल्ला झाला. मोटारीत त्याच्यासोबत मुमताज नावाची तरुणी होती. ती आधी इंदूर दरबारात नर्तकी होती आणि तिथून बाहेर पडली होती.

हल्लेखोरही मोटारीतूनच आले होते. त्यांना मुमताजला उचलून न्यायचं होतं. झटापटीत बावला मारला गेला. पण त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथून चालले होते. ते मध्ये पडले, एकाने तर गोल्फची काठी घेऊन सामना केला आणि मुमताज वाचली.

तपासाचे धागे इंदूरपर्यंत गेले. खटला देशभर गाजला, आरोपींपैकी एकाचे वकील होते मोहम्मद अली जिना. महाराजांवर थेट खटला चालला नाही, पण ब्रिटिश सरकारने त्यांच्यापुढे दोन पर्याय ठेवले. चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा.

फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली आणि १७ वर्षांचे यशवंतराव इंदूरचे महाराज झाले.

पण नावापुरतेच. वय कमी असल्यामुळे कारभार मंत्रिमंडळाच्या हातात होता आणि यशवंतराव शिकायला इंग्लंडला होते. पूर्ण अधिकार त्यांच्या हातात आले ते १९३० साली.

गाडीचा माग काढणाऱ्याला ही तारीख महत्त्वाची असते. १९३० च्या आधी इंदूरच्या नावावर आलेली गाडी वडिलांची असू शकते किंवा दरबाराच्या ताफ्यातली असू शकते. १९३० नंतर पॅरिस किंवा लंडनमध्ये खास ऑर्डर देऊन बनवलेली, हटके दिसणारी गाडी असेल, तर मात्र बोट यशवंतरावांकडे वळतं.

ऑक्सफर्डचा विद्यार्थी, पॅरिसचा गिऱ्हाईक

यशवंतराव शिकले इंग्लंडच्या चार्टरहाउस शाळेत आणि मग ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजमध्ये. १९२४ सालीच त्यांचं लग्न झालं होतं. पत्नी संयोगिताराजे म्हणजे कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातली मुलगी. लग्न झालं तेव्हा दोघंही कोवळ्या वयाची होती.

युरोपात त्यांचे शिक्षक होते मार्सेल हार्डी. त्यांच्यामुळे यशवंतरावांची ओळख झाली आंरी-पिएर रोशे या फ्रेंच लेखकाशी. पॅरिसमधला प्रत्येक मोठा चित्रकार आणि शिल्पकार रोशेच्या ओळखीचा. त्याच्यासोबत फिरताना या तरुण राजाला नव्या कलेचं वेड लागलं.

त्या काळात बाकीचे राजे झुंबरं, सोन्याचा मुलामा आणि भलेमोठे व्हिक्टोरियन सोफे घेत होते. यशवंतरावांना हवं होतं ते स्टील, काच आणि सरळ रेषा.

ऑक्सफर्डच्याच दिवसांत त्यांची गाठ पडली एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाशी. मुथेसियसचं वय तेव्हा पंचविशीच्या आसपास. यशवंतरावांनी त्याला सरळ राजवाडाच बांधायला दिला.

हाच तो इंदूरचा माणिकबाग. १९३० ते १९३३ या काळात उभा राहिला. आत एअर कंडिशनिंग होतं. ल कॉर्ब्युझियेच्या ऑफिसात जन्मलेली आरामखुर्ची होती, आयलीन ग्रेची खुर्ची होती, रुलमानचं टेबल होतं आणि इव्हान दा सिल्व्हा ब्रुन्सचे गालिचे होते. युरोपातही तेव्हा मोजक्याच लोकांच्या घरात दिसतील अशा वस्तू माळव्याच्या उन्हात येऊन पडल्या होत्या.

मॅन रे या नावाजलेल्या छायाचित्रकाराने या जोडप्याचे फोटो काढले. बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन चित्रं काढली. एकात ते काळ्या पाश्चात्य पोशाखात आहेत, दुसऱ्यात पांढऱ्या मराठा पोशाखात, डोक्याला पगडी. दोन्ही चित्रांत माणूस एकच, तसाच सडपातळ आणि लांब बोटांचा.

आणि मग गाड्या

अशा माणसाला गाडी लागणार तीही तशीच.

यशवंतरावांच्या ताफ्यात हिस्पानो-सुइझा जे-१२ होती, अल्फा रोमिओ ८सी २९०० होती, बुगाटी होती, बेंटली होती. गाड्यांच्या जगात ही नावं म्हणजे त्या काळची सर्वोत्तम यंत्रं. बरेच संस्थानिक रोल्स रॉईसवर जीव टाकत होते, यशवंतरावांचा ओढा मात्र वेगवान गाड्यांकडे.

पण सगळ्यात गाजली ती ड्युझेनबर्ग.

फ्रेड आणि ऑगस्ट ड्युझेनबर्ग हे जर्मनीत जन्मलेले भाऊ. लहानपणीच अमेरिकेत गेले, रेसिंगच्या गाड्या बनवून नाव कमावलं. पुढे एरेट कॉर्ड या उद्योगपतीने त्यांची कंपनी विकत घेतली आणि जगातली सर्वात भारी गाडी बनवायला सांगितलं. १९२८ च्या अखेरीस मॉडेल जे आलं. आठ सिलिंडर, जवळपास ६.९ लिटरचं इंजिन आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे २६५ हॉर्सपॉवर. सुपरचार्जर लावलेल्या एसजे मॉडेलचा दावा होता ३२० हॉर्सपॉवरचा.

या गाडीच्या नुसत्या चेसिसची किंमत एका टप्प्यावर साडेनऊ हजार डॉलर होती. त्याच काळात अमेरिकेत साधी फोर्ड पाच-सहाशे डॉलरच्या आसपास मिळायची.

नुसती चेसिस म्हणजे काय, तर सांगाडा, इंजिन, चाकं आणि पुढचा भाग. वरची बॉडी गिऱ्हाईकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बनवून घ्यायची. आपल्याकडे आजही ट्रकची चेसिस घेऊन वरचा सांगाडा वेगळ्या कारखान्यात बांधतात, अगदी तसंच.

यशवंतरावांनी चेसिस घेतली अमेरिकेतून आणि ती पाठवली लंडनला, गर्नी नटिंग या बॉडी बनवणाऱ्या नामांकित कंपनीकडे. तिथे ए. एफ. मॅकनील या डिझायनरने तिला रूप दिलं. १९३५-३६ च्या सुमारास गाडी तयार झाली. उजव्या बाजूला स्टिअरिंग, केशरी आणि काळा रंग.

केशरी रंग लंडनच्या कारागिराला कदाचित नुसता भडक वाटला असेल. मराठ्यांच्या गादीवर बसलेल्या माणसासाठी तो भगव्याच्या जवळचा होता.

थोड्याच काळात म्हणजे १९३७ मध्ये ड्युझेनबर्गचा कारखाना बंद पडला. मॉडेल जेच्या सगळ्या मिळून साधारण ४८० गाड्या बनल्या आणि त्यातल्या कारखान्यातूनच सुपरचार्जर घेऊन निघालेल्या फक्त तीन डझनांच्या आसपास. इंदूरची गाडी या कंपनीच्या अगदी शेवटच्या काळातली.

मूळ मालक शोधतात तरी कसा?

आता मुद्द्याचा प्रश्न. अशा गाडीचा पहिला मालक सिद्ध कसा करायचा?

पहिली पायरी म्हणजे नंबर. नंबर प्लेट नव्हे, ती कधीही बदलता येते. चेसिसवर ठोकलेला नंबर आणि इंजिनावर कोरलेला नंबर. ड्युझेनबर्गच्या बाबतीत अभ्यासक इंजिन नंबरावर जास्त भर देतात, गाड्या त्याच नंबराने ओळखल्या जातात. अडचण अशी की जुन्या काळी इंजिनं सर्रास बदलली जायची. त्यामुळे गाडीवरचे वेगवेगळे नंबर एकमेकांशी जुळतात का, हे आधी पाहावं लागतं.

दुसरी पायरी, बॉडी. गर्नी नटिंगसारख्या कंपन्या आपली छोटी पाटी गाडीवर लावत. पण इथेही धोका आहे. एका गाडीची बॉडी काढून दुसऱ्या चेसिसवर बसवणं त्या काळी अगदी नेहमीचं होतं. मग चेसिस एका मालकाची आणि बॉडी दुसऱ्याची. खरा मालक कोण म्हणायचं?

तिसरी पायरी म्हणजे कागद. कारखान्याची नोंदवही, विक्रेत्याचं बिल, जहाजाने माल पाठवल्याची पावती, सुट्या भागांसाठी केलेला पत्रव्यवहार. यात गिऱ्हाईकाचं नाव असेल तर सोन्याहून पिवळं. पण संस्थानिकांच्या गाड्या बऱ्याचदा एजंटामार्फत घेतल्या जात. नोंदवहीत एजंटाचं नाव सापडतं आणि राजाचं नाव गायब असतं.

चौथी पायरी, फोटो. राजवाड्याच्या पोर्चमधला, शिकारीचा, लग्नाच्या मिरवणुकीचा. फोटोत दिव्यांची रचना, दाराची कड, चाकांची तऱ्हा दिसली की समोरच्या गाडीशी ताडून पाहता येतं.

आणि पाचवी पायरी, मधली साखळी. पहिला मालक आणि आजचा मालक या दोघांच्या मध्ये गाडी कुणाकुणाकडे होती याची कडीला कडी जुळली पाहिजे. एखादी कडी तुटली की ‘असं म्हणतात’ सुरू होतं.

अशा कथांची एक खासियत असते. त्या गाडीपेक्षा वेगाने पळतात. इंदूरच्या गाड्यांबद्दलही सांगितलं जातं की पुढे लाल आणि निळे दिवे होते, आत महाराज आहेत की महाराणी हे पोलिसाला दुरूनच कळावं म्हणून. गाडीवर दिवे आहेत का हे कुणालाही पाहता येतं. ते कशासाठी होते हे मात्र कागदावरच सापडावं लागतं. अभ्यासक या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात.

ड्युझेनबर्गचं नशीब चांगलं. तिच्यासारखी दुसरी गाडी बनलीच नाही, त्यामुळे तिचा पहिला मालक कोण यावर वाद उरत नाही. पण नोंदवही जिथे संपते, तिथे पुढचा प्रश्न सुरू होतो. हा मालक माणूस म्हणून कसा होता?

गाडी आली आणि घर रिकामं झालं

१९३३ साली यशवंतराव आणि संयोगिताराजेंना मुलगी झाली, उषाराजे.

रोशेच्या ओळखीतून यशवंतरावांनी कॉन्स्टंटिन ब्रांकुशी या महान शिल्पकाराची ‘बर्ड इन स्पेस’ ही शिल्पं घेतली. एक ब्राँझचं, एक पांढऱ्या संगमरवराचं, एक काळ्या. या तीन पक्ष्यांसाठी इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. पाण्याचं कुंड, शांतता आणि आकाशाकडे झेपावणारे पक्षी.

जुलै १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताराजे गेल्या. वय अवघं विशीतलं.

त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रांकुशी मंदिराच्या कामासाठी इंदूरला येऊन राहिला. पण काम सुरूच झालं नाही. तो परत गेला आणि मंदिर कागदावरच राहिलं.

केशरी-काळी गाडी, माणिकबाग आणि ते मंदिर, हे सगळं जेमतेम सात-आठ वर्षांतलं. एका जोडप्याने मिळून पाहिलेलं ते जग होतं. त्यातलं एक माणूस गेलं आणि खरेदीचा तो काळही संपला.

यशवंतरावांनी पुढे दोन लग्नं केली, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बराच काळ अमेरिकेत होते.

फक्त शौकीन राजा?

गाड्या आणि राजवाडा पाहून हा माणूस नुसता उधळ्या होता असं वाटू शकतं. प्रश्न चुकीचाही नाही. हा पैसा शेवटी इंदूर संस्थानच्या रयतेच्या कष्टातूनच आलेला. माळव्यातल्या शेतकऱ्याला त्या ड्युझेनबर्गचा काय उपयोग होता, याचं सोपं उत्तर कुणाकडे नाही.

पण त्यांच्या आयुष्याच्या दुसऱ्या नोंदीही आहेत.

१९४२ साली, युद्ध ऐन भरात असताना, त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहिलं आणि भारताच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नात मध्यस्थी करावी असं सुचवलं. ब्रिटिशांच्या कृपेवर गादी टिकलेल्या राजाने असं करणं साधी गोष्ट नव्हती.

क्रिकेटवाल्यांना तर त्यांची वेगळी ओळख आहे. यशवंतरावांच्या आश्रयाखाली होळकर संघ उभा राहिला. कर्णधार सी. के. नायडू. या संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकरांकडून कोण खेळलं? इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन. आणि त्याने नाबाद २४९ काढल्या.

१९४७ मध्ये मात्र यशवंतराव डळमळले. भोपाळच्या नवाबासोबत ते भारतात सामील व्हायला टाळाटाळ करत होते. शेवटी सही झाली. १९४८ मध्ये इंदूर, ग्वाल्हेर आणि आसपासची संस्थानं मिळून मध्य भारत राज्य बनलं, यशवंतराव त्याचे उपराजप्रमुख झाले. १९५६ मध्ये ते पदही संपलं. पाच वर्षांनी, वयाच्या ५३ व्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं.

मग वस्तू कुठे गेल्या?

जिकडे तिकडे पांगल्या.

ब्रांकुशीचे दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियातल्या नॉर्टन सायमन संग्रहालयात. माणिकबागेतलं फर्निचर १९८० साली मोनॅकोत लिलावात निघालं. वडिलांनी १९१३ मध्ये पॅरिसमध्ये घेतलेले ‘इंदूर पेअर्स’ हे हिरे १९४६ मध्येच अमेरिकन जवाहिऱ्याकडे गेले होते. ड्युझेनबर्गही भारताबाहेर पडली आणि अमेरिकेतल्या संग्रहात पोहोचली.

माणिकबागेत आज केंद्र सरकारच्या जीएसटी आणि सीमाशुल्क खात्याचं कार्यालय आहे. जिथे आयलीन ग्रेची खुर्ची होती, तिथे आता फायली आहेत.

२०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने यशवंतरावांवर मोठं प्रदर्शन भरवलं. जगभरातून त्यांच्या वस्तू एकत्र आणल्या. म्हणजे इंदूरचं घर पुन्हा जोडलं गेलं ते पॅरिसमध्ये, तेही काही महिन्यांपुरतंच.

नोंद जपली तर गोष्ट उरते

भारतात अजूनही अनेक जुन्या गाड्या गोठ्यात, वाड्याच्या मागे, ताडपत्रीखाली पडून आहेत. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नोंदणी नियम केले. अशा गाड्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात आणि ती दहा वर्षं चालते.

पण सरकारी नोंद आजचा मालक सांगते, पहिला नाही. तो शोधायचा असेल तर घरातल्या ट्रंकेतली जुनी बिलं, विम्याचे कागद, ड्रायव्हरसोबतचा पिवळा पडलेला फोटो जपावा लागतो. भंगारवाल्याला गाडी देताना लोक हे कागद आधी फेकतात, आणि गाडीची ओळख तिथेच संपते.

इंदूरच्या ड्युझेनबर्गची ओळख टिकली. म्हणून आज अमेरिकेतल्या हिरवळीवर ती उभी राहिली की तिच्या परिचयात एक मराठी आडनाव लिहावं लागतं. आणि ते वाचून एखाद्याने कोण हे होळकर असं विचारलं, तर गोष्ट सुरू होते मलबार हिलच्या त्या संध्याकाळपासून आणि जाऊन थांबते न बांधलेल्या एका मंदिरापाशी.